गोदामाचा धक्का किती उंच ठेवावा? गाड्या तर एका मापाच्या येत नाहीत

चौथरा
नमस्कार मंडळी. आमचं जुनं गोदाम जमिनीलगत आहे. दोन शटरं, समोर मोकळी जागा, माल फोर्कलिफ्टनं नाहीतर हातानं उतरतो. आता शेजारच्या जागेत नवीन शेड उभारायचं ठरलंय आणि या वेळी नीट चार धक्के (म्हणजे लोडिंग डॉक हो, दुसरे नकोत) काढायचे आहेत. ठेकेदार म्हणतो, "चार फूट धरा, सगळीकडे चारच असतो." हे 'सगळीकडे' म्हणजे नक्की कुठे, ते तो सांगत नाही.

आमच्याकडे ट्रेलरवरचे २० आणि ४० फुटी कंटेनर येतात, बंद बॉडीचे ट्रक येतात, अधूनमधून रिफर (थंड मालाच्या गाड्या), आणि दिवसाला पंधरा-वीस छोटे टेम्पो. यांच्यातल्या दोघांची फळी (माल ठेवायचा तळ) एका उंचीवर नसते. काँक्रीट एकदा ओतलं की ओतलं. तेव्हा अनुभवी लोकांनी सांगावं, उंची किती ठेवू?

मापात_पाप
जागा राखून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

रिव्हर्सगिअर
चौथराभाऊ, बावीस वर्षं ट्रेलर चालवलाय. धक्क्याच्या आत काय चालतं ते मला फारसं कळत नाही, बाहेरून सांगतो.

"गाडीची उंची" असं काही नसतं. माझीच गाडी सकाळी भरलेली लावली तर एका उंचीला असते, आणि दुपारी रिकामी झाली की स्प्रिंगचे पाटे परत कमान घेऊन चार-पाच बोटं वर येते. टायर नवे असले की आणखी वर. एअर सस्पेन्शनवाली गाडी तर फोर्कलिफ्ट आत गेली की दबते, बाहेर आली की उठते, म्हातारा माणूस श्वास घेतो तशी. तुम्ही काँक्रीट ठोकून बसणार एका ठिकाणी, आणि आमची फळी दिवसभर हलणार. तेव्हा उंचीचा आकडा नंतर बघा, मधली फट कोण आणि कशी भरणार ते आधी ठरवा.

नुसती_वाचक
माझा या विषयाशी काडीचा संबंध नाही, पण वाचतेय. म्हातारा माणूस आवडला.

हिशेबनीस
एवढा विचार कशाला? आम्ही नऊ वर्षं जाड लोखंडी पत्रा टाकून काम करतोय. गाडी लागली की दोन पोरं पत्रा सरकवतात, काम झालं की उचलतात. लेव्हलर (धक्का आणि गाडी यांच्यामधला वर-खाली होणारा पूल) म्हणजे निव्वळ चैन. त्याची मोटर, त्याचं तेल, त्याचा मेकॅनिक. पत्र्याला मेकॅनिक लागत नाही.

तिसरीशिफ्ट
@हिशेबनीस, पत्र्याला मेकॅनिक लागत नाही, डॉक्टर लागतो.

मी पाळी-पर्यवेक्षक आहे. पूर्वीच्या एका ठिकाणी असाच पत्रा होता, खाली अडकवायला खुंट्या नाहीत, नुसता टाकलेला. हँड पॅलेट (हातानं ओढायचा गाडा) घेऊन पोरगा बाहेर येत होता. पुढची चाकं पत्र्याच्या कडेला अडली, त्यानं जोर लावला, आणि पत्राच गाडीवरून सरकला. पोरगा पत्र्यासकट खालच्या फटीत. पायावर पॅलेट. सुदैवानं हाड एकच मोडलं. दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून पत्र्याच्या पोटाला दोन अँगल मारले, फटीत उतरून बसतील असे. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर? पत्रा वापरा, पण खुंटीशिवाय नको. आणि त्यावर फोर्कलिफ्ट तर अजिबात नको.

हिशेबनीस
आमच्या पत्र्याला अँगल आहेत ताई. पण फोर्कलिफ्टबद्दल का? आमची जाते की.

तिसरीशिफ्ट
अडीच टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच साडेतीन-चार टनांची असते. वर भरलेला पॅलेट धरा. भार घेतला की जवळपास सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. तुमच्या पत्र्यावर किती टनांचा शिक्का आहे?

हिशेबनीस
शिक्का नाहीये. उद्या बघतो.

मापात_पाप
आलो. चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

चार फूट म्हणजे साधारण १२० सेंमी. ठेकेदार अगदीच चुकीचा नाही, बरेचसे धक्के १२० ते १३० सेंमीच्या दरम्यान असतात. पण तो अर्धंच सांगतोय. खरा प्रश्न उताराचा आहे. धक्का आणि गाडीची फळी यांच्यातला फरक भागिले लेव्हलरची लांबी, हा तुमचा उतार. डॉक लेव्हलरसाठी ईएन १३९८ हे युरोपीय मानक आहे, त्यात कामाच्या उताराची कमाल मर्यादा १२.५ टक्के धरली आहे. म्हणजे आठास एक. आता गुणाकार करा. लेव्हलर २ मीटरचा असेल तर २५ सेंमी फरक झेपतो. अडीच मीटरचा असेल तर ३१. तीन मीटरचा असेल तर साडेसदतीस. म्हणून लोक उंचीवर वाद घालतात तेव्हा मी विचारतो, लांबी किती घेताय?

आणि साडेबारा टक्के ही वरची हद्द झाली. तुमचं यंत्र कोणतं यावर खरी हद्द ठरते. ढोबळमानानं हातानं ओढायचा पॅलेट ट्रक असेल तर ३ टक्के, बॅटरीवरचा पॅलेट ट्रक ७, बॅटरीची फोर्कलिफ्ट १०, इंजिनची १५ (पण लेव्हलरवर साडेबाराच्या पुढं नाहीच). हँड पॅलेटनं तीन टक्क्यांच्या वर भरलेला माल ओढून बघा, म्हणजे टक्केवारी कंबरेत उतरते. शिवाय पॅलेट ट्रकचं पोट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन सेंमी वर असतं. लेव्हलर जिथं मोडतो, म्हणजे त्याचा पत्रा संपून जीभ सुरू होते, तिथं उतार जास्त असला की पोट टेकतं आणि गाडा अडकून बसतो.

जीभ म्हणजे पुढची घडीची पट्टी. ती गाडीच्या फळीवर किमान १० सेंमी टेकली पाहिजे. इथं एक गंमत आहे, जी कुठलाच विक्रेता आधी सांगत नाही. गाडी मागच्या कडेपर्यंत ठासून भरलेली असेल तर जीभ टेकवणार कुठे? शेवटचा पॅलेट फळीच्या काठाला भिडलेला, दहा सेंमी सोडा, दहा मिलिमीटर जागा नाही. घडीची जीभ फटकन उघडते आणि थेट मालावर आपटते. त्यासाठी सरकती जीभ मिळते. ड्रॉवरसारखी बाहेर येते, अर्धा मीटर, काही मॉडेलांत एक मीटरपर्यंत, आणि हवी तिथं बोटानं थांबवता येते. कंटेनर बहुतेक काठोकाठ भरूनच येतात, तेव्हा चौथरासाहेब, तुम्हाला हीच लागेल.

चौथरा
दंडवत. लांबीचा विचारच केला नव्हता. आमच्याकडे दोन हँड पॅलेट आणि एक डिझेलची फोर्कलिफ्ट आहे. म्हणजे एकाच धक्क्यावर ३ टक्के आणि १५ टक्के दोन्ही?

मापात_पाप
हो. किंवा एका बॅटरी पॅलेटचा खर्च धरा आणि हँड पॅलेट आतल्या कामाला ठेवा. डिझेलची फोर्कलिफ्ट बंद कंटेनरात सारखी घालू नका, धूर कुठे जाणार?

धूळपाटी
'धक्का' शब्दाला माझा आक्षेप आहे. रेल्वेचा मालधक्का ठीक. गोदामाला 'फलाट' म्हणावं.

मापात_पाप
फलाटावर माणसं ताटकळतात, धक्क्यावर गाड्या. धक्काच बरोबर.

रिव्हर्सगिअर
आम्ही 'डाक' म्हणतो. "डाक नंबर तीनला लाव." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं पोस्ट ऑफिसात पाठवतायत.

नुसती_वाचक
एक बाळबोध प्रश्न. कंटेनर तर जगभर एका मापाचे असतात ना? मग त्यांच्यासाठी तरी एक उंची का नाही ठरत?

मापात_पाप
@नुसती_वाचक, बाळबोध नाही, नेमका प्रश्न आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीनच्या 'आयडियल एक्स' जहाजानं ५८ डबे न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले, तिथून या पेट्यांची गोष्ट सुरू झाली. मॅकलीन मूळचा ट्रकवाला, हे विसरू नका. पुढं मापं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. रुंदी ८ फूट, लांबी प्रामुख्यानं २० नाहीतर ४०, उंची साडेआठ फूट आणि हायक्यूबची साडेनऊ. कोपऱ्यांचे लोखंडी सांधेसुद्धा ठरलेले, कारण क्रेननं उचलायचं तिथूनच.

पण ठरला तो डबा. डब्याखालचं गाडं कुणीच ठरवलं नाही. एक मालक उंच चाकांच्या सपाट ट्रेलरवर ठेवतो, दुसरा सापळ्यासारख्या बसक्या ट्रेलरवर. हायक्यूब एक फुटानं उंच, म्हणून रस्त्यावरच्या उंचीच्या मर्यादेत राहायला त्याला मुद्दाम बसका ट्रेलर देतात. तेव्हा वरून डबा उंच आणि खालून फळी खाली, असा उफराटा प्रकार. शिवाय कंटेनरची स्वतःची जमीन ट्रेलरच्या माथ्यापेक्षा पंधरा-सोळा सेंमी वर असते. ट्रेलर मोजून धक्का बांधलात तर तेवढ्यानं चुकाल. टेप कंटेनरच्या आतल्या लाकडी फळीला लावा.

शीतगृहस्थ
रिफरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं शीतगोदाम, सहा धक्के, सगळी औषधं.

रिफरच्या जमिनीत थंड हवा फिरण्यासाठी अॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, खाली इन्सुलेशनचा थर. म्हणून तिची फळी साध्या गाडीपेक्षा उंच बसते, आणि पट्ट्यांच्या खाचांत हँड पॅलेटची बारीक चाकं अडकतात. पण उंची हा आमच्याकडचा छोटा त्रास. मोठा त्रास फटीचा. गाडी लागली आणि भोवती फट राहिली की गार हवा बाहेर, दमट हवा आत. मग धक्क्याच्या जमिनीवर पाणी सुटतं, ते पुढं गोठतं, आणि फोर्कलिफ्ट घसरगुंडी खेळते.

दाराभोवती दोन प्रकार लावतात. एक, फोमच्या जाड गाद्या, ज्यात गाडीचा मागचा भाग दाबून बसतो. बंदोबस्त पक्का, पण गादी दाराची रुंदी खाते आणि ठरलेल्या मापाच्याच गाड्यांना जमते. दुसरा, पडद्यांची चौकट, गाडीच्या बाजूंना पडदे चाटून बसतात. निरनिराळ्या मापाच्या गाड्या येत असतील तर हाच बरा, फट थोडी राहते. तिसरा फुग्यांचा असतो, गाडी लागल्यावर हवा भरून चहूबाजूंनी आवळतो. आमच्या दोन दारांना तो आहे. एकदा छोटी गाडी लागली होती, तर फुगे फुगले, फुगले आणि गाडीला न टेकताच एकमेकांकडे बघत राहिले.

आमचे लेव्हलर उभे राहणारे आहेत. काम नसताना भिंतीसारखे उभे, त्यामुळं दार थेट लेव्हलरच्या खड्ड्याच्या तळावर घट्ट बंद होतं. साधा आडवा लेव्हलर असता तर दार त्याच्या पत्र्यावर टेकलं असतं आणि खालून वारा. दुसरा फायदा, गाडी बंद दारांनी मागे येते आणि तिची दारं आतून उघडतात. सील आमच्या माणसासमोर तुटतं.

रिव्हर्सगिअर
शीतगृहस्थांच्या शेवटच्या वाक्यावर मी टाळ्या वाजवतो. बाकी सगळीकडे काय होतं सांगतो. रात्री अडीचला नंबर लागतो. अर्धवट झोपेत आरशात बघत बघत गाडी बरोब्बर मध्ये घेतो, रबराला टेकवतो, हँडब्रेक, खाली उतरतो. आणि आतून आवाज येतो, "ओ ड्रायव्हर, दारं उघडलीच नाहीत!" मग परत तीन मीटर पुढं, क्लीनर उतरणार, दारं पूर्ण मागे वळवून बाजूंना अडकवणार, परत मागे. बावीस वर्षांत किती वेळा झालं ते विचारू नका.

तिसरीशिफ्ट
आणि तेव्हाच क्लीनर गाडी आणि भिंत यांच्या मध्ये असतो. आमच्याकडे नियम आहे, दारं अडकवून क्लीनर बाजूच्या पिवळ्या चौकोनात दिसल्याशिवाय गाडी मागे हलत नाही.

उलटसुलट
"येऊ दे, येऊ दे, येऊ दे… अजून… अजून… बस. लागली." यातलं 'बस' नेहमी लागल्यानंतरच का येतं, यावर स्वतंत्र धागा हवा.

सुरक्षाकवच
चर्चा छान चालली आहे, पण सर्वांत महत्त्वाचा मुद्दा राहिलाच. गाडी धक्क्यावरून वेळेआधी निघणे. फोर्कलिफ्ट अर्धी आत, अर्धी लेव्हलरवर, आणि चालकाला वाटतं काम झालं. चाकांना ठोकळे लावणे अनिवार्य, लाल-हिरवे दिवे अनिवार्य, किल्ली कार्यालयात जमा करणे अनिवार्य.

उलटसुलट
सुरक्षाकवच, तुमचा प्रतिसाद वाचण्यापूर्वी हेल्मेट घालणे अनिवार्य का? :)

रिव्हर्सगिअर
हसू नका, त्यांचं खरं आहे. किल्ली द्यायला मला पूर्वी राग यायचा. माझी गाडी, माझी किल्ली. एकदा डुलकी लागली, खिडकीवर थाप पडली, मला वाटलं झालं. थाप शेजारच्या गाडीची होती. स्टार्टर मारला तेवढ्यात मागून जो आवाज आला! फोर्कलिफ्टवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला होता. गाडी हलली नव्हती म्हणून वाचलो दोघंही. तेव्हापासून किल्ली मीच आधी नेऊन देतो.

सुरक्षाकवच
धन्यवाद रिव्हर्सगिअर. आणखी एक, गाडी निघत नाही पण सरकते. दर वेळी फोर्कलिफ्ट आत-बाहेर झाली की थोडी थोडी पुढं. एअर सस्पेन्शनमध्ये हे जास्त होतं, कारण हवेचा फुगा दबला की त्याचा दांडा फिरतो आणि चाकालाही किंचित फिरवतो. तासाभरात जीभ दहा सेंमीवरून चारवर आलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. यावर धक्क्याखालून येणारा हूक मिळतो, तो गाडीच्या मागच्या आडव्या दांड्याला पकडून ठेवतो. पण इथंही गाड्यांची तीच रड. काहींचा दांडा वाकलेला, आणि टेललिफ्ट (मागे माल चढवणारी लिफ्ट) असलेल्या गाडीत लिफ्टच आडवी येते. म्हणून हूक असला तरी ठोकळे हाताशी असावेत.

पाटलोण
टेललिफ्टचं नाव निघालंच आहे तर. आमच्या गाडीची लिफ्ट मागे खाली लोंबते. ज्या धक्क्याच्या पोटात तिच्यासाठी खाच ठेवलेली असते तिथं ती खाली सरकून फळी सरळ भिडते. खाच नसली की लिफ्ट भिंतीला टेकून फळी हातभर लांब राहते. बांधतानाच एखाद्या धक्क्याखाली खाच ठेवा, नंतर काँक्रीट फोडून कुणी ठेवत नाही.

तिसरीशिफ्ट
सुट्या ट्रेलरचं राहिलं. घोडा (ओढणारी पुढची गाडी) काढून नेला आणि ट्रेलर पुढच्या पायांवर उभा आहे, ही सर्वांत फसवी अवस्था. फोर्कलिफ्ट पार पुढच्या टोकापर्यंत गेली की सगळा भार त्या पायांवर येतो. आमच्या एका जुन्या ठिकाणी वीस फुटी कंटेनरचा ट्रेलर नाकावर बसला. डांबर उन्हानं मऊ झालेलं, एक पाय आत घुसला. कुणाला लागलं नाही, पण आत अडकलेली फोर्कलिफ्ट काढायला दिवस गेला. नंतर पुढं स्वतंत्र घोडी लावायला लागले आणि पाय टेकतात तेवढा पट्टा काँक्रीटचा केला. चौथराभाऊ, हा पट्टा नकाशात आहे का?

चौथरा
नाही. लिहून घेतलं. घोडा काढल्यावर घोडी, हेही लिहून घेतलं.

हिशेबनीस
पत्र्यावर शिक्का नाही. तोलमापाच्या काट्यावर नेऊन फोर्कलिफ्ट मोजली, नुसती ३९०० किलो. पत्रा मध्ये बशीसारखा झालाय हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. तिसरीशिफ्ट ताई, तुम्ही जिंकलात. पण लेव्हलर आत्ताच चारही घ्यावेत हे मला अजून पटलेलं नाही.

मापात_पाप
हे मात्र हिशेबनीस बरोबर बोलले. खड्डे चारही आत्ता ठेवा, कडांना लोखंडी अँगल बसवून, वायरीची नळी टाकून. लेव्हलर दोनच घ्या. उरलेल्या दोन खड्ड्यांवर तात्पुरती भक्कम झाकणं. नंतर तयार जमीन कापून खड्डा काढणं म्हणजे दात आल्यावर हिरडी शोधणं.

टेम्पोटाईम
छोट्या गाड्यांचं कुणी बोलेल का? मोठ्या ट्रेलरांच्या गप्पांत आम्ही टेम्पोवाले दिसतच नाही. माझी फळी जमिनीपासून ७० सेंमी. धक्का १२०. वरून माझ्या हौद्यात बघतात, विहिरीत बघावं तसं. मग हमाल वरून खोकी "झेल रे" म्हणून टाकतात.

मापात_पाप
@टेम्पोटाईम, अन्याय झाला, मान्य. ५० सेंमी फरकाला साडेबारा टक्क्यांत बसवायचं तर चार मीटरचा लेव्हलर लागेल, म्हणजे उत्तर लेव्हलर नाही. तीन वाटा. एक, तुमच्यासाठी वेगळा बसका धक्का. दोन, कात्रीसारखी उचलणारी लिफ्ट, जमिनीपासून धक्क्यापर्यंत कुठेही थांबते, पण कूर्मगतीनं. दिवसाला पंधरा-वीस गाड्या असतील तर रांग लागेल. तीन, मागच्या चाकांखाली पाचरीसारखा चढ, ज्यावर टेम्पो चढून फळी उंचावते. तिसरी वाट थोड्या फरकाला ठीक, ५० सेंमीला नाही.

रिव्हर्सगिअर
चौथी वाट, टेम्पोंना जुन्या शटरवरच ठेवा. फोर्कलिफ्ट जमिनीवरून पॅलेट उचलून फळीवर ठेवते, धक्का लागतोच कशाला? पडदेवाल्या आणि फाळक्याच्या उघड्या गाड्या तर बाजूनंच भरायच्या असतात, त्यांना मागचा धक्का निरुपयोगी.

चौथरा
मंडळी, तीन आठवडे गायब होतो. कारण सांगतो. तुमचं वाचून ठेकेदाराशी भांडण्याऐवजी टेप घेऊन फाटकावर बसलो. येणारी प्रत्येक गाडी मोजली, भरलेली आणि रिकामी झाल्यावर. चालक हसले, एकानं विचारलं "काय साहेब, गाडीला कपडे शिवताय का?"

आकडे असे निघाले. कंटेनरची आतली फळी सर्वांत बसकी ११८ सेंमी, सर्वांत उंच १५२. बंद ट्रक १०४ ते १२६. रिफर १३० ते १३८. टेम्पो ६२ ते ८४. एकच बंद ट्रक भरलेला ११० आणि रिकामा ११९, रिव्हर्सगिअर दादांचा म्हातारा श्वास डोळ्यांनी पाहिला.

ठरवलं ते असं: तीन धक्के १२५ सेंमीला, खड्डे तीन मीटर लांबीच्या लेव्हलरचे, सध्या दोनच लेव्हलर, सरकत्या जिभेचे. चौथ्या जागी धक्काच नाही, जमिनीलगत शटर, टेम्पो आणि बाजूनं भरायच्या गाड्यांसाठी. एका धक्क्याखाली टेललिफ्टची खाच.

मापात_पाप
फार छान. १५२ ते १२५ म्हणजे २७ सेंमी, तीन मीटरवर ९ टक्के. खालच्या बाजूला १०४ म्हणजे २१ सेंमी, ७ टक्के. बॅटरी पॅलेटला उंच कंटेनर सोडून सगळं झेपेल. आता एकच विचारतो, धक्क्यासमोरची जमीन सपाट आहे ना?

चौथरा
तेच लिहायचं होतं. नाही. जागेचा उतार शेडकडे आहे, साधारण ६ टक्के. ठेकेदार म्हणतो बरंच झालं, भराव कमी लागेल.

मापात_पाप
थांबा!! गाडी उतारावरून मागे येते तेव्हा ती मागे झुकलेली असते. गाडीचा माथा जमिनीपासून ४ मीटर धरा, धक्का सव्वा. मधले पावणेतीन मीटर गुणिले ६ टक्के, म्हणजे माथा फळीच्या काठापेक्षा साडेसोळा सेंमी भिंतीकडे. तुमचे रबरी बंपर बाहेर येणार दहा सेंमी. बंपरला टेकायच्या आधी गाडीचा वरचा कोपरा भिंतीत. शिवाय सगळं पावसाचं पाणी खड्ड्यांत. एकतर शेवटचे वीसेक मीटर सपाट करून घ्या, नाहीतर बंपर तेवढे जाड करा. पहिलं करा. आणि भिंतीच्या अलीकडे आडवी नाली.

रिव्हर्सगिअर
याला म्हणतात अनुभव. असे कोपरे फुटलेले धक्के मी इतके पाहिलेत, मला वाटायचं आमच्यातलेच कुणी आंधळे. उतार होता होय!

माझी एक मागणी. गाड्या आवारात कुठल्या बाजूनं फिरणार ते बघा. चालक उजवीकडे बसत असेल तर गाडी अशी यावी की मागे घेताना धक्का त्याच्या उजव्या हाताला दिसेल, म्हणजे आवारात घड्याळाच्या काट्यांसारखं फिरणं. चालक डावीकडे बसत असेल तिथं उलट. नाहीतर आंधळ्या बाजूनं घ्यावी लागते आणि तीन वेळा मागेपुढे होतं. समोर गाडीच्या लांबीच्या दुपटीहून चांगली जास्त जागा मोकळी लागेल. तेवढी नसेल तर धक्के करवतीच्या दात्यांसारखे तिरके करा.

चौथरा
जागा ३८ मीटर आहे. गाड्या सध्या उलट्या बाजूनं फिरतात, कारण वॉचमनची खोली तिकडे आहे.

उलटसुलट
म्हणजे सगळा प्रश्न वॉचमनच्या खोलीचा निघाला.

चौथरा
खोली हलवतोय. सपाटीकरणाचं ठेकेदाराला सांगितलं, तो म्हणाला "असं सगळीकडे नसतं." काम सुरू झालं की फोटो टाकीन.

टेम्पोटाईम
जमिनीलगतच्या शटरवर छप्पर पुढं काढा. पावसात तुमचा ट्रेलर पडद्यांत शिरतो, आम्ही आणि खोकी भिजतो.

चौथरा
काढतो. किती पुढं?

टेम्पोटाईम
टेम्पोची लांबी अधिक उघडलेला फाळका. टेप आहेच तुमच्याकडे.